मानशीवरचा खंड्या

पक्ष्यांना नावे देताना माणसाने आपली सारी समाजरचनाच त्यांच्यावर लादलेली दिसते. पाण्यावरून निळ्या ठिणगीसारखा निघून जाणारा एक पक्षी इंग्रजांच्या दृष्टीस पडला, तेव्हा त्यांनी त्याला मासेमारांचा राजा ठरविले. संस्कृतात त्याच पक्ष्याला ‘मत्स्यरंक’ असा एक शब्द आहे. रंक म्हणजे भुकेला, दरिद्री. एकाच जीवाला एका भाषेने राव केले आणि दुसरीने रंक! मराठीने मात्र त्याला सिंहासनावरही बसविले नाही आणि दारोदारही हिंडविले नाही. ती ‘खंड्या’ म्हणून मोकळी झाली. घरातल्या खंडूला अंगणातून हाक मारावी, तसे हे नाव आहे. ‘धीवर’ हा शब्द आपल्या पक्षिविषयक ग्रंथांतून येतो आणि त्याचा अर्थ कोळी असाच आहे. पण विहिरीच्या काठावर बसलेल्या त्या पक्ष्याला पाहून ‘तो बघा धीवर’ असे म्हणणारा मनुष्य मला अद्याप भेटलेला नाही.

खंड्याशी आपली ओळख जुनी आहे खरी, परंतु ओळखीच्या माणसाकडे जसे आपण निरखून पाहत नाही, तसेच याचेही झाले आहे. शेताच्या बांधावर, विजेच्या तारेवर, देवळाच्या तळीवर तो असतो, आणि आपण आपल्या कामाला निघून जातो. भारतात खंड्याच्या बारा जाती नोंदलेल्या आहेत. त्यांपैकी सात-आठ आमच्या एवढ्याशा गोव्यात भेटतात. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र आणि मधोमध मांडवी-जुवारीच्या खाड्यांचे जाळे, अशी ही भूमी असल्यामुळे प्रत्येक जातीला आपापल्या स्वभावाची जागा येथे मिळते.

चिमणीहून किंचित मोठा लहान खंड्या खाजनातील पाण्यावर राज्य करतो. चॉकलेटी डोक्याचा आणि पांढऱ्या छातीचा खंड्या पाण्याचा फारसा बांधील नाही. नाकतोडे, सरडे, खेकडे, बेडूक, जे मिळेल ते त्याला चालते, म्हणून तो माळावरही दिसतो. काळापांढरा कवड्या खंड्या नदीच्या पात्रावर हवेतच एका जागी पंख फडफडवीत उभा राहतो आणि तेथूनच पाण्यात सूर मारतो. लाल, जाडजूड चोचीचा मोठा खंड्या ओहोळावरच्या सावलीत बसतो. काळ्या टोपीचा खंड्या खारफुटीच्या काठाने दिसतो. आणि पावसाळ्यात, सह्याद्रीच्या पायथ्याच्या रानात, जेमतेम बोटभर लांबीचा तिबोटी खंड्या येतो. त्याच्या पायाला इतर पक्ष्यांप्रमाणे चार नव्हे, तीनच बोटे असतात. नाव त्यावरून पडले.

शास्त्रज्ञांनी या कुळाला दिलेली नावे पाहिली, की भाषेच्या विद्यार्थ्याला हसू येते आणि थोडे वाईटही वाटते. ग्रीक पुराणात सेईक्स नावाचा राजा समुद्रात बुडून मरतो. त्याची पत्नी अल्सिओनी शोकाने स्वतःला लाटांत झोकून देते. देवांना करुणा येते आणि ते दोघांनाही पक्षी करतात. ती समुद्रावर घरटे करते, तेवढे दिवस वारा थांबतो, अशी ती कथा. आज आपल्या विहिरीवरच्या पांढऱ्या छातीच्या खंड्याचे शास्त्रीय नाव ‘हॅल्सिऑन’ने सुरू होते आणि तिबोटीचे ‘सेईक्स’ने. देवांनी ज्यांना एकत्र केले, त्यांना शास्त्रज्ञांनी पुन्हा वेगळे केले. राणी गावात राहिली आणि राजा रानात गेला.

खंड्या पाहायचा असेल, तर मी पाहुण्यांना खाजनात घेऊन जातो. खाजन म्हणजे खाडीकाठची, भरतीच्या पातळीहून खालची, बांध घालून पिढ्यान्‌पिढ्या राखलेली शेतजमीन. या बांधात ठिकठिकाणी पाण्याची लाकडी दारे असतात. त्या बांधकामाला मानस म्हणतात. भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले, की दारे आपोआप मिटतात. ओहोटीला आतले पाणी बाहेर लोटू लागले, की ती उघडतात. ना यंत्र, ना वीज. चंद्राच्या ओढीवर चालणारे हे काम आहे. बाहेर पडणाऱ्या पाण्यात जाळे लावून मासे धरण्याचा हक्क पावणीत जातो, म्हणजे त्याचा लिलाव होतो. ज्याने पावणी घेतली, त्याचे जाळे मानशीच्या तोंडाशी. आणि ज्याने पावणीत एक पैसाही बोलला नाही, तो खंड्या मानशीच्या खांबावर.

एका वृद्ध मासेमाराला मी एकदा विचारले, की हा तुमचे मासे पळवितो, त्याचे तुम्हाला काही वाटत नाही काय? जाळे झाडता झाडता ते म्हणाले, “मास्तर, तो आमच्या पयलीं येता आनी आमच्या उपरांत वता.” तो आमच्या आधी येतो आणि आमच्यानंतर जातो. या एका वाक्यात हक्काचा सारा प्रश्न त्यांनी निकालात काढला होता.

शाळेचे घड्याळ आणि खंड्याचे घड्याळ निराळे, हे मला मानशीवर बसल्यावर कळले. आमची घंटा रोज एकाच वेळी होते. त्याची घंटा भरती-ओहोटीप्रमाणे रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पाणी उतरू लागले आणि मासे उथळ डबक्यांत अडकू लागले, की तो हजर. मान किंचित वरखाली करून तो अंतर जोखतो. पाण्यात वस्तू असते तेथे दिसत नाही, हे आम्ही आठवी-नववीच्या मुलांना वाकड्या दिसणाऱ्या काठीचे चित्र काढून शिकवितो; हा ते शिकून जन्मतो. पाण्यात शिरताना त्याच्या डोळ्यावर पारदर्शक पडदा येतो. क्षणात तो मासा घेऊन पुन्हा खांबावर येतो, त्याला दोन-चार वेळा खांबावर आपटतो आणि डोक्याकडून गिळतो. माशाचे डोके चोचीबाहेर धरून तो उडाला, तर ओळखावे, की हा घास स्वतःसाठी नाही. कोठेतरी बिळात कोणाचे तरी तोंड उघडे आहे.

छायाचित्रणाचा नाद मला १९९६च्या सुमारास लागला. त्या काळी छत्तीस चित्रांची एक फिल्म घालायची, ती महिनाभर पुरवायची, आणि पणजीला धुवायला देऊन आठ दिवस वाट पाहायची. परत येत असे ती बहुतेक रिकाम्या खांबांची चित्रे. खंड्या उडून गेलेला, आणि पाण्यावर तेवढे वर्तुळ. घरातील मंडळी त्या चित्रांना ‘मास्तरांचे खांब’ म्हणत. आता डिजिटल कॅमेऱ्याने एका सकाळी हजार चित्रे निघतात, चारशे मिलिमीटरचे भिंग आहे, आणि सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात सूर टिपता येतो. तरीही जे तेव्हा शिकलो, तेच आज उपयोगी पडते.

पहिली गोष्ट ही, की खंड्याच्या मागे जाऊ नये. जो मागे जातो, त्याला पाठ दिसते. पण हा पक्षी सवयीचा आहे; त्याच्या बसण्याच्या जागा ठरलेल्या असतात. दोन दिवस नुसते पाहावे, कोणत्या खांबाखाली पांढरे शिंतोडे आणि माशांच्या काट्यांच्या बारीक गोळ्या पडल्या आहेत ते पाहावे, आणि तिसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी तेथे बेताच्या अंतरावर जाऊन बसावे. तो आपणहून येतो. दुसरी गोष्ट, सूर्य आपल्या पाठीशी ठेवावा. तिसरी, सूर टिपायचा असेल, तर पक्ष्यावर नव्हे, पाण्यावर नेम धरावा. आणि चौथी, जी कोणत्याही पुस्तकात मिळत नाही: दर पाच मिनिटांनी कॅमेरा खाली ठेवावा आणि उघड्या डोळ्यांनी पाहावे. नाहीतर घरी चित्र येते, पण सकाळ येत नाही.

सूर्य पाठीशी ठेवण्याचे कारण या पक्ष्याच्या निळाईत आहे. खंड्याच्या पिसात निळा रंग नसतोच. छातीवरचा केशरी रंग खरा, रंगद्रव्याचा आहे. पण पाठीवरची निळाई ही पिसांच्या तंतूंमधील अतिसूक्ष्म, स्पंजासारख्या रचनेतून परतणारा प्रकाश आहे. प्रकाश समोरून पडला, तर पीस पेटते. मागून आला, तर तेच पीस काळपट, मळकट दिसते. पक्ष्यांच्या पिसांतील रंगांचा उगम हा सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्याही कुतूहलाचा विषय होता. १९३४ साली त्यांनी नीलपंख पक्ष्याच्या पिसांवरून त्याविषयी निबंध लिहिला. रंगद्रव्य नसल्यामुळे ही निळाई सहसा विटत नाही, आणि हाच गुण खंड्याच्या जिवावर उठला. चीनमध्ये शतकानुशतके खंड्याची पिसे सोन्याचांदीच्या दागिन्यांत नील्यासारखी बसवीत असत. ते दागिने आजही संग्रहालयांत चमकतात. जे विटत नाही, त्याच्यासाठी किती पक्षी मारले गेले असतील, हा विचार ती चित्रे पाहताना मनातून जात नाही.

हे पाहण्यासाठी गोव्यातच यावे लागते, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या या मासिकाचे वाचक जेथे जेथे वसले आहेत, तेथे तेथे खंड्या त्यांचा शेजारी आहे. इंदूरकरांच्या घराजवळ सिरपूरचा तलाव आणि यशवंतसागर आहेत. बडोदेकरांना सयाजीराव महाराजांच्या काळात सिंचनासाठी बांधलेला वढवाणा जलाशय आहे. वढवाणाला २०२१ साली, आणि इंदूरच्या दोन्ही जलाशयांना २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा म्हणून रामसर सूचीत स्थान मिळाले. आमच्या कुडचड्याचे नंदा तळेही २०२२ सालीच त्या सूचीत आले. चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य तर १९८८ पासून आहे. लहान खंड्या, पांढऱ्या छातीचा आणि कवड्या, हे तिघे यांतील कोठेही दिसावेत. सोबत मुलांना न्यावे, खाऊ न्यावा, आणि कॅमेरा असला तरी चालेल, नसला तरी चालेल.

कॅमेऱ्याविषयी असे लिहिण्यास कारण घडले आहे. तिबोटी खंड्या पहिल्या पावसाबरोबर सह्याद्रीच्या रानात येतो आणि ओहोळाच्या मातीच्या काठात बीळ कोरून त्यात अंडी घालतो. तळहातावर मावणारा, केशरी, जांभळा आणि गडद निळा, असा हा पक्षी चित्रात अप्रतिम येतो, आणि त्याच्या या गुणामुळे त्याच्या बिळापुढे गर्दी जमू लागली आहे. काही वर्षांपूर्वीच्या जुलैत मी असे एक बीळ पाहिले. समोर दहा-बारा कॅमेरे तिपायांवर रोवलेले. चित्रात आड येणारी फांदी कोणीतरी तोडलेली होती. नर की मादी ते कळले नाही, पण चोचीत सापसुरळीचे पिलू धरून पक्षी समोरच्या वेलीवर बसला होता. तो बिळाकडे पाही, कॅमेऱ्यांकडे पाही आणि पुन्हा तेथेच बसे. चोचीतला घास घेऊन तो चाळीस मिनिटे बसला. मी घड्याळ लावून पाहिले. मंडळी खूश होती, कारण पक्षी हालत नव्हता. शाळामास्तराचा आवाज कधीकधी उपयोगी पडतो. मी तो लावला. काही उठले, काही रागावले. पण पाऊण तासाने काठ मोकळा झाला आणि घास आत गेला.

तेव्हापासून घरट्याचे चित्र काढायचे नाही आणि घरट्याची जागा सांगायची नाही, असे दोन नियम मी स्वतःला घालून घेतले. हे नियम पाळणे सोपे होते. कठीण प्रसंग पुढे आला, तो रानात नव्हे, माझ्या शाळेच्या वाटेवर.

आमच्या शाळेकडे येणारी वाट एका तांबड्या मातीच्या उभ्या दरडीखालून येते. या दरडीत पांढऱ्या छातीच्या खंड्याचे एक जोडपे दरवर्षी बीळ करी. मार्च महिन्यात माडाच्या शेंड्यावर बसून त्यांची किलकिल सुरू झाली, की वार्षिक परीक्षा जवळ आली, हे मुलांना कळे. मी त्या शाळेत आलो त्याच्याही आधीपासून ती बिळे तेथे होती. एका ऑगस्टमध्ये, रात्रीच्या पावसात, दरडीचा मोठा तुकडा वाटेवर कोसळला. दिवसाची वेळ असती तर काय झाले असते, ते येथे लिहिण्याची आवश्यकता नाही. संरक्षक भिंत बांधावी म्हणून अर्ज गेला. तो मीच लिहिला आणि खाली माझीच सही होती. मंजुरी आली, आणि कामाला सुरुवात होणार तो महिना निघाला एप्रिल. त्याच वेळी जोडपे बिळात घास नेऊ लागले होते.

शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मी हा विषय काढला. काम थोडे लांबणीवर टाकता येईल काय, असे विचारले. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग सहावीतल्या एका मुलाची आई म्हणाली, “सर, खंड्या पुढल्या वर्षी दुसरीकडे घर करील. माझ्या मुलाला शाळेत यायला दुसरी वाट नाही.” तिचे म्हणणे मी इतिवृत्तात शब्दशः नोंदविले. त्यावर उत्तर नव्हते, कारण ती जे म्हणाली ते खरे होते. पाऊस जूनमध्ये येतो. त्याच्या आत भिंत उभी राहिली नाही, तर आणखी एक पावसाळा साठ मुले त्या दरडीखालून जाणार. मुख्याध्यापकाला निवड करायची असते, तेव्हा त्याच्यापुढे हजेरीपट असतो. त्यात खंड्याचे नाव नसते.

जे करता आले, ते गणिताने केले. या जातीची पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर सुमारे एकोणीस-वीस दिवसांत बिळाबाहेर पडतात. घास नेणे केव्हा सुरू झाले, ते माझ्या वहीत होते. कंत्राटदाराला मी म्हटले, काम थांबवू नका, फक्त दुसऱ्या टोकाकडून सुरू करा आणि बिळाकडे शेवटी या. त्याचे यात नुकसान नव्हते. तो ‘बरे’ म्हणाला. मग तीन आठवडे रोज संध्याकाळी मी दोन अंतरे पाहत असे: भिंत बिळापासून किती दूर आहे, आणि पिल्लांचे किती दिवस उरले आहेत. यंत्राच्या आवाजाने मोठी पाखरे दोन दिवस बावरली. नंतर दुपारी कामगार जेवायला बसले, की त्या तासाभरात ती भराभर घास नेऊ लागली. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी तारेवर तीन पिल्ले ओळीने बसलेली होती, फिकट चोचीची आणि अजून मळकट छातीची. भिंत तेव्हा बिळापासून चार मीटरवर होती. पुढच्या आठवड्यात बीळ चिऱ्यांच्या आड गेले. जून उजाडण्यापूर्वी काम पुरे झाले, आणि त्या पावसाळ्यात वाटेवर मातीचे एक ढेकूळही पडले नाही.

पुढच्या मार्चमध्ये जोडपे आले. भिंतीत पाणी झिरपण्यासाठी नळ्या ठेवलेल्या असतात. त्यांतल्या एका नळीच्या तोंडाशी खंड्या येऊन बसला, मान वाकडी करून आत पाहिले, दोनदा फेरी घातली आणि उडून गेला. महिनाभर बिळाचा पत्ता नव्हता. मग एप्रिलमध्ये तोच मुलगा वर्गात सांगू लागला, की खंड्या चोचीत सरडा धरून टेकडीपलीकडच्या सोडलेल्या चिरेखाणीकडे जातो, आणि रिकाम्या चोचीने परत येतो. मी त्याला नोंद करायला सांगितले: तारीख, वेळ, चोचीत काय. त्याने ती फळ्याच्या कोपऱ्यावर केली, आणि वर्गातल्या इतरांनी खाली आपापल्या नोंदी जोडल्या. मुले विचारू लागली, सर, बीळ पाहायला जायचे काय?

मी नाही म्हटले. कॅमेराही त्या दिशेला नेला नाही. खाणीच्या त्या काठावर कोणाचा अर्ज नाही, कोणाची वाट नाही, आणि जोवर ती जागा आम्हा तिघा-चौघांना दिशेपुरतीच ठाऊक आहे, तोवर ती बरी आहे. पावसाळ्यात मुले छत्र्या घेऊन भिंतीखालून येतात, तेव्हा मी फाटकाशी उभा राहून मोजतो. ती सगळी आली, की घंटा होते.